साडेसात बोटं आणि तीन भाग

तूर वाळली की तिला आवाज फुटतो. उभ्या पिकातून वारा गेला की शेंगांतले दाणे खुळखुळतात आणि अख्खं रान थंडीनं दात वाजवतंय असं वाटतं. निंबर्ग्यात हे दिवस सगळ्यांच्या लाडाचे. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, आणि मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे सगळ्या घरादारानं शेतात जाऊन आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचा सण. मला हे दिवस अजिबात आवडत नाहीत. तरी वर्षभर मी त्यांची वाट बघतो, कारण येळवशीच्या संध्याकाळी शरणू मला मारतो.

शरणू म्हणजे शेजारच्या डाळ मिलवाल्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. मारतो म्हणजे खेळात. टीव्हीला मशीन जोडून, हातात रिमोट धरून खेळायचा तो खेळ आहे. त्याचं इंग्रजी नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे त्याला ‘मरणाचा गेम’ म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तलवार घेतलेला एक एकटा माणूस, पडझड झालेली राज्यं आणि पावलोपावली मरण. कोपऱ्यावर वळलात, मेलात. पूल ओलांडला, मेलात. मेलात की तोवर कमावलेलं सगळं तिथंच सांडतं. ते उचलायला पुन्हा त्याच वाटेनं जावं लागतं, आणि वाटेत परत मेलात तर ते कायमचं गेलं. त्या सांडलेल्या कमाईला आम्ही ‘रास’ म्हणायचो आणि प्रत्येक मुलखाच्या शेवटी बसलेल्या राक्षसाला ‘गौडा’. खेळ सोपा करून घ्यायची सोय पहिल्या भागात नव्हती, दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात आहे, आणि माझं भांडण तिथंच आहे.

पहिला भाग आला तेव्हा आम्हाला नुकत्या मिशा फुटल्या होत्या. मिलच्या वर शरणूची माडी आहे. खाली डाळ भरडायला लागली की माडीची जमीन थरथरते आणि तुरीची पिवळी पूड केसात, भुवयांत, रिमोटच्या बटणांच्या फटीत जाऊन बसते. त्या पहिल्या भागाची गंमत अशी की तुम्ही कितीही लांब भटकलात, कितीही खोल तळघरात उतरलात, तरी शेवटी एखादं गंजलेलं दार करकरत उघडायचं आणि समोर तोच पहिला दिवा दिसायचा, जिथून तुम्ही निघालात. मरण होतं, पण त्यात एक न्याय होता. मेलो की चूक कुणाची हे लगेच कळायचं, आणि ती आपलीच असायची. मला तेव्हा जगही तसंच वाटायचं. दहा बोटं असलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी न्यायाच्या वाटतात.

त्या खेळात एकमेकांच्या राज्यात घुसून समोरासमोर लढताही येतं. माझं जुनं मशीन मी उचलून माडीवर न्यायचो, दोन टीव्ही पाठीला पाठ लावून ठेवायचो आणि मोबाईलच्या नेटवर दोघं भिडायचो. येळवशीला शेतातून परतल्यावर एकच डाव खेळायचा, असा आमचा नेम त्याच वेळी पडला. तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. कधी तो, कधी मी.

शरणूच्या घरात लिंगायतांची कानडी चालते, आमच्याशी तो मराठीच बोलतो. व्यापाऱ्यांशी, बँकेतल्या साहेबांशी, आलेल्या पाहुण्यांशी तर इतकी गोड मराठी की ऐकणाऱ्याला तहान लागावी. पण रागाला त्याच्याकडे कानडीच लागते. त्याचे अप्पा वारले तेव्हा तो कानडीत रडला. मला मारलं की तो मांडीवर थाप मारून ओरडायचा, “सत्त, मगना!” सत्त म्हणजे मेला, शेवट ओढला की ‘सत्ता’; मगना म्हणजे लेका. मी त्याला मारलं की रिमोट गादीवर आपटून “सत्ते!” म्हणजे मेलो, आणि त्यामागून माझ्या खानदानाचा असा उद्धार, की खालून त्याची आई, जिला मीही अव्वाच म्हणतो, लाटणं घेऊन जिना चढायची.

माझे मामा बार्शीचे. दर वर्षी दत्तजयंतीला ते गाणगापूरला येतात आणि तिथून आमच्याकडे येऊन येळवस करूनच परत जातात. त्यांना कानडीचा गंध नाही. एकदा अंगणात खाटेवर बसून त्यांनी वरची आरडाओरड ऐकली आणि माडीकडे मान वर करून विचारलं, “का रं, कुणाची सत्ता आली?” आम्ही दोघं हसून हसून गादीवर लोळलो. शरणूनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “माझीच, मामा! माझीच सत्ता!” तेव्हापासून दर वर्षी मामा तोच प्रश्न विचारतात. खरा अर्थ त्यांना कुणी सांगितला नाही. त्यांना वाटतं पोरं राजकारणाचा गेम खेळायलेत.

आता हाताचं सांगतो, कारण तो लपवत मी कधी फिरलो नाही. माझं नाव दत्ता. गाणगापूरच्या नवसाचा आहे, म्हणून आई दर दत्तजयंतीला तिथून लाल दोरा आणून माझ्या उजव्या मनगटात बांधायची. रक्षण व्हावं म्हणून. त्या वर्षी येळवस झाली, तूर कापून झाली, आणि शेतात हडंबा आला. हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र. त्याच्या तोंडात तुरीच्या पेंढ्या लोटत मी उभा होतो. दोऱ्याचं लोंबतं टोक काटक्यांत गुंतलं आणि पेंढीबरोबर आत निघालं. मी हात ओढला, पण हडंबा माझ्यापेक्षा जोरात ओढत होता. मग दोरा तुटला. तोवर अंगठ्याशेजारचं पहिलं बोट, मधलं बोट आणि तिसऱ्याचा अर्धा तुकडा गेला होता. दुखलं नाही लगेच. यंत्राचा आवाज क्षणभर जड झाला आणि पुन्हा हलका झाला, एवढंच आठवतं.

दोरा होता म्हणून हात गेला, असं मी म्हणतो. दोरा तुटला म्हणून उरलेला हात वाचला, असं आई म्हणते. तिनं पुढच्या वर्षी नवा दोरा आणला आणि डाव्या मनगटाला बांधला. मी मनगट पुढं केलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं धाडस मला कुठल्याच भागात झालेलं नाही.

त्या राशीच्या तुरीचं काय करायचं हा घरात मोठाच प्रश्न झाला. टाकवत नव्हती आणि खाववत नव्हती. शेवटी वरची वरची काढून टाकून बाकीची शरणूच्याच मिलमध्ये गेली, डाळ झाली, पोत्यांत भरून पुण्याच्या ट्रकमध्ये चढली. शरणूनं मला पुढं तोंडावर सांगितलं, “तुझी बोटं पुण्याला पोचली गा, तू न्हाई पोचलास.” हे वाक्य जगात दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. त्या दिवशी मात्र दवाखान्यातून आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

कारण बाकी सगळे फार चांगले वागत होते. त्या चांगुलपणानं मला जे हाल दाखवले ते हडंब्यानं दाखवले नव्हते. गल्लीतल्या बायका बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या, हाताच्या पट्टीकडे बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. आई भात कालवून समोर ठेवायची आणि मी डाव्या हातानं खाताना भिंतीकडे बघत बसायची. पंगतीत माझ्या शेजारचा माणूस जरा जास्तच सरकून बसायचा. देवळात तीर्थ घेताना ओंजळीच्या फटीतून ते गळायचं, आणि पुजारी न मागता पुन्हा अर्धी पळी घालायचे. मला त्या अर्ध्या पळीची शिसारी यायची.

शरणू आला तो बिस्किटं न घेता. पट्टीकडे बघितलं, बोटं मोजली, म्हणाला, “साडेसात. दुसरा भाग आलाय. कवा यायलास?”

मागून आलेल्या अव्वानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. “देवाची भीती हाय का न्हाई तुला? लेकराचा हात बघ की.”

“बोटं गेल्यात, डोकं न्हाई गेलं,” शरणू म्हणाला. “आत गौडा बसलाय ते काय बोटं मोजून मारनार हाय व्हय?”

तेव्हापासून मी साडेसात. गावानंही ते नाव उचललं, पण दबक्या आवाजात, मी पुढं गेल्यावर. समोरून हाक मारायची हिंमत एकट्या शरणूची.

तर तो दुसरा भाग. सगळ्या खेळणाऱ्यांचा नावडता. इंटरनेटवर लोक अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात, ज्यांना मोडायला आहेत ते. म्हणतात, पहिल्या भागात शहाणपण होतं, दुसऱ्यात नुसता खुनशीपणा आहे. एका वेळी पाच-सहा जण अंगावर सोडतात, अंधारात खड्डे ठेवतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक मरणानंतर तुमच्या आयुष्याची पट्टीच थोडी कापतात. पुन्हा मेलात, पुन्हा थोडी. शेवटी अर्ध्या आयुष्यावर लढत राहायचं. ज्याला आधीच जमत नाही त्याचंच आणखी काढून घ्यायचं, हा कुठला न्याय, असं विचारतात. मला या लोकांची गंमत वाटते. माझ्या मते तिन्ही भागांत खरं बोलणारा तेवढाच एक. पहिला भाग म्हणतो, चूक केलीस म्हणून मेलास. दुसरा म्हणतो, चूक कुणाची का असेना, आता एवढ्यावर भागव.

मी भागवलं. रिमोटच्या वरच्या कडेला उजवीकडे वार करायचं बटण असतं, ते पहिल्या बोटाचं काम. माझ्याकडे तिथं काहीच नव्हतं. मग रिमोट मांडीवर आडवा धरून तळहाताच्या कडेनं वार करायला शिकलो. जखम पुरती वाळली नव्हती तेव्हा बटणाला रक्ताचा डाग लागायचा आणि शरणू कापडानं पुसत म्हणायचा, “रिमोट घाण करायलास.” माझा वार उशिरा पोचायचा. निमिषभर, पण त्या खेळात निमिषभर म्हणजे पुष्कळ झालं. पुढच्या येळवशीला त्यानं मला उभ्या उभ्या कापलं. “सत्त, मगना!” मांडीवर थाप, खिडकीतून मामांना सत्तेची बातमी, सगळं यथासांग. घरी येऊन मी उशीत तोंड घालून रडलो, आणि बऱ्याच महिन्यांनी मला गाढ झोप लागली. एका माणसानं मला पुरतं मारलं होतं, थोडं कमी नाही.

तेव्हाच मनाशी ठरलं की याला एकदा मारायचं. साडेसात बोटांनी, खरंखुरं. त्याच्या तोंडून “सत्ते!” ऐकायचं आणि पाठोपाठ माझ्या खानदानाचा उद्धार. बाकी मला आयुष्याकडे फारसं मागणं उरलं नाही. वर्षामागून वर्षं गेली. दर येळवशीला मी हरलो, आणि दर वर्षी थोड्या कमी फरकानं हरलो. गेल्या वर्षी त्याची पट्टी इतकी बारीक उरली होती की त्याच्या कपाळावरचा घाम मी टीव्हीवरून डोकावून बघितला. कडाक्याची थंडी होती.

आता तिसरा भाग आलाय. तो फार देखणा आहे. मोकळी कुरणं, घोडा, सोन्यासारखं ऊन. मरण आहेच, पण वाटेत जागोजागी दिवे आहेत, गौडा भारी पडला तर घोडा वळवून दुसरीकडे निघून जाता येतं, आणि शिंग फुंकलं की मदतीला सोबती धावून येतात. तुम्ही मागं उभं राहायचं आणि त्यांनी तुमच्यासाठी लढायचं. सगळे म्हणतात, हाच सर्वांत उत्तम भाग, कारण तो सगळ्यांना सामावून घेतो. असेल. शिंग फुंकल्यावर गौड्याची मान सोबत्याकडे वळते आणि मी पाठीमागून त्याला खुशाल कापतो, तेव्हा मला ती अर्धी पळी आठवते. मी ते शिंग वापरत नाही. त्यामुळे गेले कित्येक महिने मी एकाच गौड्याशी अडकलोय, आणि सुखात आहे.

यंदा सोयाबीन निघाल्यावर मामांनी संतपूरचं स्थळ आणलं. जाताना गाडीत मला बजावलं, “हात खिशात ठेव. जेवायच्या आधी दाखवायचा नाही.” मी पोह्यांची बशी उजव्या हातानंच घेतली. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलीच्या आजीनं उघड उघड बोटं मोजली, ओठ हलवून. मुलीनं मात्र सरळ विचारलं, “अजून दुखतंय का?” मी म्हणालो, “न्हाई. कुणी बघितल्यावर दुखतंय.” तिनं मान खाली घातली. मला त्याचं समाधान वाटलं, आणि परतीच्या वाटेवर औराद येईपर्यंत ते समाधान पार आंबून गेलं. मुलगी चांगली होती.

कळवतो म्हणाले होते. कळवलं ते यंदाच्या येळवशीला, ऐन जेवणाच्या वेळी. शेतात कडब्याच्या खोपीसमोर दोन्ही घरं बसली होती, आमचं आणि शरणूचं. अव्वा सगळ्यांना आंबील वाढत होती. मामांचा फोन वाजला. मामांना फोनवर ऐकू कमी येतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात. पलीकडचा माणूस म्हणाला, “पोरगं चांगलं हाय, शेती बी हाय. पन पोरगी म्हनायली, ते हात रोज बघवायचं न्हाई.” तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या, तेवढाच आवाज. आईनं माझ्या डाव्या मनगटातला दोरा उगीच सारखा केला. मी उंडा भज्जीत बुडवून खाल्ला, मग आणखी एक घेतला. शरणू माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्यानं नजर खाली वळवली. हे मी नीट ध्यानात घ्यायला हवं होतं. तो कधी नजर वळवत नाही.

संध्याकाळी मशीन उचलून माडीवर गेलो. खाली मिल बंद होती, सणाची सुट्टी. दोन टीव्ही पाठीला पाठ लावले. डाव सुरू झाला तसा मी दिवसभराचं सगळं विसरलो. तिसऱ्या भागातलं ते सोनेरी कुरण, समोर त्याचा माणूस, लांब भाला घेतलेला. त्याची प्रत्येक खोड मला पाठ आहे. वार चुकवताना तो नेहमी डावीकडे लोळतो. मी तळहाताची कड बटणावर ठेवून वाट बघितली. तो आला, मी चुकवलं, वार केला, लागला. पुन्हा आला, मला लागलं. दोघांच्या पट्ट्या सारख्याच उतरत होत्या. माझा श्वास वर चढला होता, जुनी जखम ठणकत होती. शेवटी दोघंही एका वाराचे धनी उरलो. आणि तेव्हा त्याच्या माणसानं ढाल खाली केली आणि औषधाची बाटली तोंडाला लावली, माझ्यासमोर, हातभर अंतरावर. त्या जागी औषध प्यायचं नसतं हे पहिल्या दिवशी खेळायला बसलेल्यालाही कळतं. मला ते त्या क्षणी दिसलं नाही. मला फक्त मोकळी छाती दिसली. तळहात दाबला. त्याचा माणूस गुडघ्यावर आला आणि गवतात कोसळला.

मी ओरडलो. काय ओरडलो कुणास ठाऊक, दोन्ही हात वर करून, साडेसातच्या साडेसात बोटं पसरून. आणि कान टवकारून बसलो. रिमोट आपटल्याचा आवाज, सत्ते, माझं खानदान. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आता येणार होतं.

टीव्हीच्या पलीकडून शरणूनं रिमोट हळूच गादीवर ठेवला. म्हणाला, “मेलो गा, दत्ता. भारी खेळलास.”

मराठीत. स्वच्छ, गोड, व्यापाऱ्यांशी बोलतो तशा मराठीत. आणि दत्ता म्हणाला.

ती बाटली मला तेव्हा दिसली. “पुन्हा खेळू,” मी म्हणालो. “नीट खेळ.” मला त्याचा गळा धरायचा होता.

“नको, पुरे,” तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. हात पुढं केला, अभिनंदनाचा. डावा हात, मला अडचण नको म्हणून. मी तो धरला नाही.

खाली अंगणातून मामांनी हाक दिली, “का रं पोरांनो, आज गप्प? कुणाची सत्ता आली?”

शरणू खिडकीपाशी गेला. माझ्याकडे न बघता, जिभेवर साखर ठेवून म्हणाला, “दत्ताची, मामा. आज दत्ता सत्ता.”

मामा खूश होऊन मोठ्यांदा हसले, आईलाही हाक मारून त्यांनी ते सांगितलं. त्यांना एकच भाषा येते. मला दोन्ही येतात.